मिलानच्या 'मिकाम'ला खरेदीसाठी जाताय? पादत्राणांच्या दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

श्रावण संपत आला की फोन आणि मेसेज सुरू होतात. विचारणारे बहुतेक पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर इथले, एक-दोन दुकानं असलेले बुटिकवाले. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. ज्याला फक्त एकच वाचायचा असेल त्याने प्रश्न ११ वाचावा, कारण तो न वाचता तिकीट काढणारे दरवर्षी भेटतात.

१. मिकाम म्हणजे काय? कोणालाही आत जाता येतं का?

मिकाम हे पादत्राणांचं आंतरराष्ट्रीय व्यापारी प्रदर्शन आहे. इटलीतल्या पादत्राण उत्पादकांच्या संघटनेचा, म्हणजे 'असोकाल्झातुरिफिची'चा, त्यामागे हात आहे. ते मिलान शहराबाहेर 'फिएरा मिलानो रो' या प्रदर्शन संकुलात भरतं. इथे एक जोड विकत घ्यायची म्हटलं तर मिळत नाही. कारखानदार पुढच्या सीझनचे नमुने मांडतात, दुकानदार ऑर्डर लिहितात आणि माल काही महिन्यांनी येतो. प्रवेश फक्त व्यापाऱ्यांना आहे, त्यामुळे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. जीएसटी प्रमाणपत्र, व्हिजिटिंग कार्ड आणि दुकानाचे फोटो किंवा वेबसाइट जवळ असू द्या. दारावर जेवढं विचारतात, त्याहून जास्त स्टॉलवर विचारतात.

२. वर्षातून दोनदा भरतं म्हणतात. फेब्रुवारीत जावं की सप्टेंबरात?

महाराष्ट्रातल्या दुकानाने सप्टेंबरातच जावं.

फेब्रुवारी-मार्चच्या प्रदर्शनात पुढच्या शरद-हिवाळ्याचा माल असतो. घोट्याच्या वरचे बूट, लोकरी अस्तर, जाड सोल. हा माल कारखान्यातून जुलै ते सप्टेंबरात निघतो आणि आपल्याकडे ऐन पावसात येऊन पडतो. कोकणात किंवा मुंबईत त्या हवेत चामड्याला आठवड्याभरात बुरशी धरते, आणि घोट्यापर्यंतचा लोकरी बूट दादरला कोण घालणार?

सप्टेंबरात पुढच्या वसंत-उन्हाळ्याचा माल असतो. तो जानेवारी ते मार्चमध्ये पोहोचतो, म्हणजे लग्नसराई, पाडवा आणि उन्हाळी सुट्ट्या असं सगळं त्यात बसतं. दिवाळीला मात्र याचा काही उपयोग नाही. ती खरेदी देशातच करायची (प्रश्न ४).

तारखांचा मेळही बरा जमतो. २०२५ मध्ये मिकाम ७ ते ९ सप्टेंबरला होतं आणि अनंत चतुर्दशी ६ तारखेला. विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, गिऱ्हाईक थंडावलं. दुकान सोडून जायला मालकाला याहून बरा आठवडा मिळत नाही. दरवर्षी असंच जुळेल असं नाही, तेव्हा तारखा लागल्या की पंचांग उघडा.

३. माझं एकच दुकान आहे. एवढा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का?

माल भरायला जात असाल तर बहुतेकांसाठी नाही. डोळा तयार करायला, पुढच्या वर्षी कोणती टाच, कोणता अंगठा (म्हणजे बुटाच्या टोकाचा आकार), कोणता रंग चालणार ते आधी कळायला, आणि भारतीय निर्यातदारांशी ओळख करून घ्यायला जात असाल, तर हो. मिलानला बघायचं आणि ऑर्डर बहुतेक घरी लिहायची, असा माझा हिशेब आहे. कारणं प्रश्न १० आणि ११ मध्ये आहेत.

ज्यांच्या जोडाची सरासरी किंमत १,५०० ते ३,००० रुपये आहे, त्यांनी तो पैसा दिल्ली-आग्र्याच्या फेऱ्यांवर घालावा. ८,००० च्या वर विकणाऱ्यांनी एकदा तरी जाऊन यावं.

४. मिलानऐवजी भारतातलं कोणतं प्रदर्शन चालेल?

दिल्लीत प्रगती मैदानावर 'इंडिया इंटरनॅशनल फुटवेअर फेअर' भरतं. तयार पादत्राणं विकणाऱ्याला त्यातल्या त्यात हे सोयीचं. चेन्नईचा 'इंडिया इंटरनॅशनल लेदर फेअर' जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत असतो. तिथे तयार मालापेक्षा चामडं, रसायनं, यंत्रं जास्त. 'मीट ॲट आग्रा'मध्येही भर सुट्या भागांवर आणि यंत्रांवर आहे, त्यामुळे स्वतः माल बनवून घेणाऱ्यालाच त्याचा खरा उपयोग.

प्रदर्शन नसतानाही आग्र्याची हींग की मंडी, दिल्लीचं करोल बाग आणि मुंबईची ठक्कर बाप्पा कॉलनी बारमाही उघडी असतात. ठक्कर बाप्पात चार-पाच डझनांची ऑर्डरसुद्धा कोणी हसण्यावारी नेत नाही, आणि लहान दुकानाला हा मोठाच आधार आहे.

५. व्हिसा कोणता लागतो? किती आधी अर्ज करू?

शेंगेन व्हिसा, उद्देश व्यवसाय. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळणंच अवघड असतं. सप्टेंबरसाठी जूनमध्येच रांगेत लागा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. प्रदर्शनाची नोंदणी, निमंत्रणपत्र, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, दुकानाच्या चालू खात्याचा उतारा अशी फाइल तयार ठेवा. 'फिरायला जातोय' असं लिहून प्रदर्शनाला जाऊ नका. कागदावर एक आणि बॅगेत ऑर्डर-बुक, हे इमिग्रेशनच्या खिडकीवर समजावून सांगणं कठीण जातं.

६. राहायचं कुठे? प्रदर्शनापर्यंत कसं जायचं?

लाल मेट्रोच्या, म्हणजे एम-१ च्या मार्गावर कुठेही राहा. मात्र ही लाइन पगानो स्टेशननंतर दोन फाट्यांत जाते, म्हणून डब्यावर 'रो फिएरा' लिहिलेलं पाहूनच चढा. शहरातलं साधं तिकीट रो फिएरापर्यंत चालत नाही, ते स्टेशन पुढच्या झोनमध्ये येतं. चढताना आणि उतरताना कॉन्टॅक्टलेस कार्ड लावलं की बरोबर भाडं कापलं जातं. हॉटेलांचे दर प्रदर्शनाच्या दिवसांत चढतात, तेव्हा व्हिसाची वाट न पाहता रद्द करता येईल असं बुकिंग आधीच करून ठेवा.

आणि नवे बूट घालून जाऊ नका. संकुलाचा मधला काचेच्या छताचा रस्ताच सव्वा किलोमीटरहून लांब आहे, दालनं त्याच्या दोन्ही बाजूंना. पादत्राणांच्या प्रदर्शनात पायाला फोड आलेले दुकानदार दरवर्षी दिसतात.

७. किती रुपयांची खरेदी करायची हे कसं ठरवू?

हा आकडा घरून ठरवून निघायचा, तिथे जाऊन नाही. तिथे सगळंच सुंदर दिसतं. दिवेसुद्धा त्याच हिशेबाने लावलेले असतात.

पद्धत सोपी आहे. येत्या सीझनची अपेक्षित विक्री घ्या, त्यात सेलमध्ये सोडावी लागणारी सूट मिळवा, सीझनअखेर दुकानात राहायला हवा तो साठा मिळवा. मग हातातला साठा वजा करा आणि आधीच दिलेल्या ऑर्डरी वजा करा. उरतो तो तुमचा खरेदीचा आकडा, विक्रीच्या किमतीत.

समजा जानेवारी ते जून विक्री ४० लाख धरली, सूट ४ लाख, शेवटचा साठा १२ लाख. बेरीज ५६ लाख. सुरुवातीचा साठा १५ लाख आणि दिलेल्या ऑर्डरी ९ लाख, असे २४ लाख गेले. राहिले ३२ लाख. हे सगळे आकडे जीएसटी वगळून विक्रीच्या किमतीतले आहेत. तुमचं मार्जिन निम्मं असेल तर खरेदीच्या किमतीत १६ लाख झाले. त्यातला पाव भाग, म्हणजे ४ लाख, बाजूला ठेवा. सीझनमध्ये जे डिझाइन अचानक उचललं जाईल ते पुन्हा मागवायला तो लागतो. म्हणजे प्रदर्शनात हात लावायचा तो १२ लाखांना.

हे १२ लाखही एकरकमी बघू नका. लग्नाचे जोड, रोजच्या सँडल, ऑफिसचे बूट, स्नीकर्स असे भाग पाडा आणि प्रत्येकासमोर मागच्या वर्षीचा विक्रीचा आकडा लिहा. 'काय विकलं गेलं' यापेक्षा 'कुठला साइझ संपल्यामुळे गिऱ्हाईक परत गेलं' ही नोंद जास्त मोलाची आहे, आणि ती कोणत्याच बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येत नाही. काउंटरवर एक वही ठेवा. विक्रेत्या मुला-मुलींना ती भरायची सवय लावा.

८. स्टॉलवर काय विचारायचं? ऑर्डर लगेच द्यायची का?

पहिला दिवस फक्त फिरायचा. पेन खिशात. दुसऱ्या दिवशी निवडलेल्या दहा-बारा स्टॉलवर परत जाऊन बसायचं. चांगल्या घरांमध्ये, म्हणजे नावाजलेल्या कंपन्यांच्या स्टॉलवर, वेळ आधी घ्यावी लागते, नाहीतर कठड्याच्या आत घेतच नाहीत. हा उद्धटपणा वाटतो खरा, पण त्यांना नक्कलखोरांची भीती असते (प्रश्न १४).

विचारायचं ते असं. कमीत कमी किती जोड, आणि ते प्रत्येक डिझाइनला की प्रत्येक रंगाला? '६० जोड' ऐकून खूश व्हायचं आणि नंतर कळायचं की तीन रंग घेतले तर १८०, हे नेहमीचं आहे. सांगितलेला भाव कारखान्याच्या दारातला आहे की बंदरावर जहाजात चढवून दिलेला? माल कोणत्या आठवड्यात निघणार? सीझनमध्ये तोच जोड पुन्हा मिळेल का? तुमच्या शहरात दुसऱ्या कोणाला देणार आहेत का?

शेवटच्या प्रश्नावर लेखी उत्तर घ्या. तोंडी 'पुण्यात फक्त तुम्हालाच' याला काही किंमत नाही, आणि लहान ऑर्डरीवर असा शब्द कोणी मनापासून देतही नाही.

कारखाना कुठला, हेही विचारा. इटलीत बूट सगळीकडे सारखे बनत नाहीत. व्हेनिसजवळच्या ब्रेंता नदीकाठी महागडे स्त्रियांचे जोड होतात. मार्के प्रांतात फेर्मो, मोंतेग्रानारो, चिवितानोव्हा या पट्ट्यात लहान-मोठे असंख्य कारखाने आहेत. मोंतेबेल्लूना डोंगरी आणि खेळाच्या बुटांसाठी प्रसिद्ध. गाव कळलं की त्या घराची जात थोडीफार कळते.

९. जोड हातात घेतला की काय बघायचं?

आधी उलटा करा. युरोपात विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर वरचा भाग, आतलं अस्तर आणि बाहेरचा सोल कशाचा आहे हे चिन्हांनी दाखवावं लागतं. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, त्याच आकारात पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर थर दिलेलं चामडं, विणीची जाळी म्हणजे कापड आणि साधी चौकट म्हणजे इतर, बहुतेकदा प्लास्टिक किंवा रबर. 'इटालियन लेदर' असं मोठ्याने सांगणाऱ्याच्या सोलवर ती साधी चौकट दिसली तर आश्चर्य मानू नका. ते खोटं बोलत नसतात, फक्त वरच्या भागाबद्दल बोलत असतात. नमुन्यावर चिन्हं नसतील तर तिन्ही भागांची नावं ऑर्डरवर लिहून घ्या.

मग वाकवून बघा. बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. मधोमध वाकत असेल तर आतली पोलादी पट्टी कमजोर आहे. टाचेची टोपी नखाने ढकलून बघा. अस्तराच्या आत बोट फिरवा, शिवणीची गाठ लागली तर ती गिऱ्हाइकाच्या पायालाही लागणार.

आपल्या हवेसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सोलचा. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा सोल हलका आणि मऊ असतो, पण दमट हवेत तो आतून विघटित होत जातो. न वापरता खोक्यात ठेवलेला जोडही काही वर्षांनी भुगा होतो. लग्नातला बूट तीन वर्षांनी कपाटातून काढला आणि पहिल्याच पावलाला सोल गळून पडला, ही तक्रार प्रत्येक दुकानदाराने ऐकली आहे. दोष गिऱ्हाइकाचा नसतो आणि बहुधा दुकानदाराचाही नसतो. त्यात पाण्याच्या वाफेचं रसायन आहे. रबर, टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) किंवा ईव्हीएचा (हलक्या फोमचा) सोल मिळत असेल तर किनारपट्टीच्या दुकानाने तोच घ्यावा. पीयूच घ्यायचा तर उत्पादनाचा महिना विचारा आणि जुना पडलेला माल सवलतीतसुद्धा उचलू नका.

१०. ४० युरोचा जोड माझ्या दुकानात कितीला पडेल?

हिशेब सोपा राहावा म्हणून एक युरो १०० रुपये धरू. जोड ४,००० रुपये. वाहतूक आणि विमा समजा ४००, झाले ४,४००. पादत्राणांवर मूळ सीमाशुल्क आणि कृषी पायाभूत उपकर मिळून २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ३८.५ टक्के बसतात, म्हणजे १,६९४. पडतळ, म्हणजे आपल्याला पडणारी किंमत, ६,०९४. कस्टम्स एजंट, गोदाम, बंदरापासून दुकानापर्यंतचं भाडं धरून ६,३०० म्हणा. आयातीच्या वेळी १८ टक्के आयजीएसटी भरावा लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण तेवढे पैसे काही काळ अडकतात.

आता दुकानभाडं, पगार, सेलची सूट हे सगळं निघायला पडतळीच्या २.२ पट विक्री धरली तर १३,८६० आणि वर १८ टक्के जीएसटी. छापील किंमत सोळा हजार तीनशेच्या पुढे. ४० युरोचा, इटलीत मध्यम समजला जाणारा जोड आपल्या काउंटरवर सोळा हजारांचा होतो. आता स्वतःला विचारा, महिन्यात असे किती जातील?

देशातल्या मालाचं गणित वेगळं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. त्यामुळे २,६०० चा जोड २,५०० ला बसवता आला तर गिऱ्हाइकालाही फरक जाणवतो. शुल्काचे दर बदलत राहतात, निघण्याआधी एजंटकडून ताजे घ्या.

११. आयात करून विकायला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) अडचण येते, हे खरं का?

खरं आहे, आणि बहुतेकांची योजना इथेच अडते. १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांखाली चामड्याची आणि इतर साहित्याची पादत्राणं, तसंच रबर-प्लास्टिकची पादत्राणं, यांतले बहुतेक प्रकार भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या मालालाही हेच लागू. परवाना दुकानदाराला किंवा आयातदाराला मिळत नाही, तो परदेशी कारखान्याने स्वतः घ्यायचा असतो. ब्युरोकडे अर्ज, नमुन्यांची चाचणी, कारखान्याची तपासणी, भारतातला अधिकृत प्रतिनिधी, शुल्क. मार्केतला वीस कामगारांचा कारखाना तुमच्या ६० जोडांसाठी हे करणार नाही. त्याला दोषही देता येत नाही.

मग रस्ते कोणते? ज्या परदेशी कारखान्याकडे परवाना आधीच आहे त्याच्याकडून घ्या. स्टॉलवर पहिलाच प्रश्न तोच विचारा आणि परवाना क्रमांक ब्युरोच्या संकेतस्थळावर तपासा. किंवा त्या ब्रँडच्या भारतातल्या वितरकाकडून घ्या. भाव चढा पडतो, पण बंदराची डोकेदुखी त्याची. किंवा प्रश्न १५ मधला मार्ग धरा. आदेशात कोणते प्रकार येतात आणि कोणाला सूट आहे हे बदलत आलं आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या दिवशीची स्थिती एजंटकडून लेखी घ्या. 'माझ्या मित्राचा माल सुटला' हा पुरावा नाही. सुटला नाही त्याचा मित्र गप्प असतो.

१२. हे सगळं जमलं तर पैसे कसे पाठवायचे? कागद कोणते?

आयात-निर्यात कोड काढा. डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर निघतो, शुल्क ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते. विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, बँकेतूनच जातो, आयातीच्या नोंदीखाली. खासगी कार्डावरून स्टॉलवर पैसे भरू नका, नंतर त्याचा बिल ऑफ एंट्रीशी (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदाशी) मेळ बसत नाही. सर्वसाधारण रीत ३० टक्के आधी आणि उरलेले माल जहाजात चढल्याची कागदपत्रं दाखवल्यावर.

माल आला की खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष, साइझ, सर्व करांसह छापील किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. वजन-मापं खात्याचे निरीक्षक दुकानात आले की आधी खोकंच बघतात.

१३. साइझचा घोळ कसा टाळू? नमुने बॅगेतून आणता येतील का?

आपल्याकडे ब्रिटिश आकडे चालतात, तिथे युरोपीय. साधारणपणे पुरुषांचा ४२ म्हणजे आपला ८, स्त्रियांचा ३८ म्हणजे ५. पण दोन्हींचं माप वेगळं आहे. युरोपीय एक साइझ पाऊण सेंटिमीटरहून थोडा कमी, ब्रिटिश साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक आकड्याला आकडा बसत नाही. कारखान्याकडून तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये मागा.

खरी अडचण लांबीची नाही, रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभर लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद आहे, हे त्यात दिसलं. त्यातूनच 'भा' ही भारतीय मापपद्धती पुढे आली. निमुळत्या अंगठ्याचा इटालियन जोड आपल्याकडे एक साइझ मोठा घ्यावा लागतो आणि मग टाच सुटते. स्टॉलवर नमुना बहुधा ३७ किंवा ४२ चाच असतो. स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पायात घालून चार पावलं टाका.

बारा जोडांच्या सेटमध्ये स्त्रियांसाठी ३६ ते ४१ असे १, २, ३, ३, २, १ हे चालतं. पण काउंटरवरची ती वही (प्रश्न ७) काय म्हणते ते आधी बघा.

नमुने बॅगेतून आणायचे तर लपवून आणू नका. व्यापारी नमुने खासगी सामानात मोडत नाहीत. बिल, किंमत आणि पत्र सोबत ठेवा आणि रेड चॅनेलमधून जा. फक्त उजव्या पायाचा एकच बूट पाठवायची या धंद्यातली जुनी रीत आहे. एकाच पायाचा बूट कोणी विकू शकत नाही, त्यामुळे समजावणंही सोपं जातं. जमेल तर कुरियरने मागवा.

१४. फोटो काढून आणले आणि आग्र्यात बनवून घेतले तर?

परवानगीशिवाय फोटो काढला तर स्टॉलवरून उठवतात. घेतलेला रंग, टाचेची उंची, पट्ट्यांची पद्धत डोक्यात घेऊन स्वतःचा जोड बनवणं वेगळं आणि जसाच्या तसा उचलणं वेगळं. भारतात डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदलेल्या डिझाइनला दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं संरक्षण मिळतं. शिवाय ट्रेडमार्क आहे. फ्रेंच डिझायनर ख्रिस्तियां लुबुताँच्या लाल सोलला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सुप्रसिद्ध चिन्ह म्हणून मान्यता दिली. लाल सोल लावलेली टाच दुकानात ठेवणारे आजही दिसतात, नोटीस आली की वकील शोधतात.

१५. मिकामला भारतीय कंपन्याही असतात ना? त्यांच्याकडून घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं?

असतात. चर्म निर्यात परिषदेच्या छत्राखाली आग्रा, कानपूर, चेन्नई-आंबूर इथले निर्यातदार तिथे स्टॉल मांडतात. आणि प्रश्न वाजवी आहे, पण उत्तर थोडं उलटं आहे. हेच लोक आग्र्यात तुम्हाला गेटवर भेटणार नाहीत. त्यांचा सगळा धंदा युरोपच्या हजारो जोडांच्या ऑर्डरींवर चालतो, तिथे तुमच्या दोन डझनांना कोण विचारतो? मिलानला मात्र ते दिवसभर स्टॉलवर बसलेले असतात आणि दुपारनंतर मोकळेही असतात. मराठी-हिंदीत बोलणारा कोणी आला की चहा मागवतात.

त्यांच्याशी बोलायचं ते जास्तीच्या उत्पादनाबद्दल किंवा तुमच्या नावाने छोट्या सेटबद्दल. युरोपसाठी साचा लागलेलाच असतो, चामडं आलेलंच असतं, त्यात शंभर-दीडशे जोड तुमचे घुसवता येतात. आयात शुल्क नाही, जहाज नाही. फक्त देशात विकायला लागणारा ब्युरोचा परवाना त्या कारखान्याकडे आहे का, हे विचारा. फक्त निर्यात करणाऱ्या काहींनी तो घेतलेला नसतो. आणि जास्तीचा माल दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव खरवडून विकायला देत असतील तर हात लावू नका.

१६. जैन गिऱ्हाईक चामडं घेत नाही, काही जण डुकराचं कातडं चालणार नाही म्हणतात. खात्री कशी करू?

चिन्हावरून अर्धंच कळतं. प्रश्न ९ मधलं कातड्याचं चिन्ह 'चामडं' सांगतं, कोणत्या प्राण्याचं ते सांगत नाही. युरोपीय बुटांत डुकराच्या कातड्याचं अस्तर सर्रास असतं. इटालियनमध्ये 'मायाले' म्हणजे डुक्कर, हा एक शब्द लक्षात ठेवा आणि ऑर्डरवर अस्तराचं कातडं लिहून घ्या. चामडं पूर्ण नको असणाऱ्यांसाठी तिन्ही भागांवर चामड्याचं चिन्ह नसणं पुरेसं नाही. चिकटवायचा डिंक प्राणिजन्य आहे का, तेही विचारावं लागतं.

१७. अजगर किंवा मगरीच्या कातड्याचे जोड आणले तर?

नका आणू. अशा कातड्यांना 'साईटीस' या आंतरराष्ट्रीय कराराखालचे परवाने लागतात आणि आपल्याकडे वन्यजीव कायदाही आडवा येतो. कातड्यावर तशी छाप उठवलेलं गाईचं चामडं असेल तर हरकत नाही, पण बिलावर ते स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर बंदरावर तपासणीत माल पडून राहील.

१८. आपली कोल्हापुरी तिथे नेऊन विकता येईल का?

खरेदीदार म्हणून आत शिरून दुसऱ्याच्या दालनात स्वतःचा माल दाखवणं नियमाबाहेर आहे, आणि लोक हे करतात. विकायचं तर प्रदर्शक म्हणून जावं लागतं, बहुधा परिषदेच्या गटातून.

'कोल्हापुरी चप्पल' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ते नाव या जिल्ह्यांबाहेर बनलेल्या मालाला लावता येत नाही, मग कारखाना मुंबईचा असला तरी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्येच प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखे सँडल आले आणि आपल्याकडे वादळ उठलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ 'लिडकॉम' आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ 'लिडकर' यांच्याशी प्राडाचा करार जाहीर झाला. तेव्हापासून युरोपीय दुकानदार हे नाव ओळखतात, पण पुढचा प्रश्न लगेच विचारतात: प्रत्येक जोडाचा साइझ सारखा येईल का, आणि भिजल्यावर रंग पायाला लागेल का? याचं उत्तर चाचणी-अहवालासह हातात असेल तरच स्टॉल घ्या.

१९. माल उशिरा आला किंवा नमुन्यासारखा नसला तर?

ऑर्डरवर रद्द करायची तारीख घाला. 'मार्चअखेरपर्यंत माल पोहोचला नाही तर ऑर्डर आपोआप रद्द, विसार परत' असं सरळ वाक्य. एप्रिलनंतर आलेला लग्नाचा जोड सेलमध्येच जातो. मान्य केलेल्या नमुन्याचा दुसरा पाय, सही करून, तुमच्याकडे ठेवा. माल आल्यावर त्याच्याशीच ताडून बघता येतं. चामड्याच्या छटेत थोडा फरक येणारच, त्याची तक्रार कोणी ऐकत नाही. पण साइझची वाटणी चुकली, टाचेची उंची बदलली किंवा अस्तर दुसरंच लावलं, तर खोकी उघडताना काढलेला व्हिडिओ लावून त्याच आठवड्यात लेखी कळवा. ऑगस्टमध्ये पाठवू नका. इटलीतले कारखाने त्या महिन्यात सुट्टीवर असतात आणि तुमचा ईमेल सप्टेंबरपर्यंत कोणी उघडत नाही.